कोल्हापूर, पुणे, बेळगाव: सांगली-साताऱ्याच्या प्रवाशांसाठी हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगली किंवा सातारा शहरातून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. त्यामुळे इथल्या माणसाचा विमानप्रवास नेहमी रस्त्यावरून सुरू होतो: उजळाईवाडीला (कोल्हापूर विमानतळ), लोहगावला (पुणे) नाहीतर सांबऱ्याला (बेळगाव). तिकिटावरचा तासाभराचा आकडा बघून बेत आखला की घोळ होतो. खालचे सगळे आकडे घरापासून घरापर्यंतचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच वाचावेत.

दोन विमानतळांमधलं अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत मोजतात?

प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो. तो बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळ असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. अशा दोन बिंदूंमधलं पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. शहराचा मध्य किंवा एसटी स्टँड त्यात कुठेच येत नाही. वैमानिक हे अंतर नॉटिकल मैलात मोजतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

कोल्हापूरहून वेगवेगळ्या विमानतळांपर्यंत हवाई अंतर किती?

अक्षांश-रेखांशांवरून काढलेले हे आकडे आहेत, दोन-तीन किलोमीटर इकडे-तिकडे धरावेत:

बेळगाव (सांबरा): ९६ किमी
पुणे (लोहगाव): २१७ किमी
मुंबई: ३०९ किमी
हैदराबाद (शमशाबाद): ४४५ किमी
बेंगळुरू (देवनहळ्ळी): ५३२ किमी
तिरुपती: ६५७ किमी
नागपूर: ७०२ किमी
अहमदाबाद: ७३४ किमी

यादीत नाव आहे म्हणजे तिथे आज थेट विमान आहे, असं समजू नका. अंतर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं काढता येतं. विमान आहे की नाही हे वेळापत्रकच सांगतं.

हे अंतर घरी कागदावर काढता येईल का?

येईल. आपल्या भागातल्या अंतरांसाठी शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय पुरतं. कोल्हापूर आणि पुणे घेऊ. कोल्हापूर विमानतळ १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. लोहगाव १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व.

आधी अक्षांशांतला फरक: १.९२ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २१३ किमी. मग रेखांशांतला फरक: ०.३७ अंश. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात, म्हणून १११.२ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. १७.६ अंशांचा कोसाइन ०.९५३, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ३९ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं २१७.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, कोसाइनने गुणायचं राहून जातं. कोल्हापूर-पुण्याला त्याने फारसं बिघडत नाही, पण कोल्हापूर-हैदराबाद जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम असल्याने तिथे अंतर वीस किलोमीटरने फुगतं. दुसरी चूक अंश-मिनिटांची. १६°३९′ म्हणजे १६.३९ नव्हे. ३९ ला ६० ने भागायचं, म्हणजे १६.६५.

अंतर ४४५ किमी आणि विमान ताशी ५०० किमीने जातं, तर हैदराबादला तिकिटावर सव्वा तासापेक्षा जास्त वेळ का दाखवतात?

कारण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो, तो ‘ब्लॉक टाइम’ असतो. विमान जागेवरून हललं तेव्हापासून समोरच्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत. पंख्याच्या एटीआर ७२ विमानाचा कोल्हापूर-हैदराबाद प्रवास मिनिटांत मांडला तर साधारण असा दिसतो: कोल्हापूरला धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला ७, वर चढायला १६, सरळ उड्डाण २७, खाली उतरणं आणि रांगेत लागून धावपट्टी गाठणं २०, हैदराबादला जमिनीवर फिरून जागेवर लागणं १०. झाले ८०.

म्हणजे पूर्ण वेगाचा भाग एकूण वेळाच्या जेमतेम एक तृतीयांश. चढताना विमानाचा वेग कमी असतो. उतरण्यासाठी वैमानिकांचा सोपा नियम आहे: जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला सुरुवात. विमान १९ हजार फुटांवर आणि हैदराबादची जमीन सुमारे २ हजार फुटांवर, म्हणजे १७ हजार फूट उतरायचं. १७ गुणिले ३, ५१ नॉटिकल मैल, ९४ किमी. ४४५ पैकी शेवटचे ९४ किलोमीटर विमान उतरतच असतं.

शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही. उड्डाणाचे आणि उतरण्याचे मार्ग ठरलेले असतात, मधले बिंदू ठरलेले असतात. आपल्या लहान मार्गांवर प्रत्यक्ष अंतर हवाई अंतरापेक्षा पाच ते दहा टक्क्यांनी जास्त धरावं.

मग वेळेचा अंदाज काढायचं सोपं सूत्र काय?

हवाई अंतरात ७ टक्के मिळवा, मुंबई किंवा पुणे असेल तर १० टक्के. एटीआरसाठी त्याला ताशी ४८० ने भागा. एम्ब्रेअरसारख्या छोट्या जेटसाठी ७०० ने. जेट ताशी ८०० च्या पुढे जातं खरं, पण इतक्या लहान अंतरात त्याला तो वेग फार वेळ मिळत नाही. आलेल्या मिनिटांत जमिनीवरची आणि वळणांची २० मिनिटं मिळवा, मुंबई किंवा बेंगळुरू असेल तर २५.

या हिशेबाने कोल्हापूर-मुंबई जेटने ५५ मिनिटं, एटीआरने जवळजवळ ७०. कोल्हापूर-बेंगळुरू जेटने सव्वा तास, एटीआरने दीड तास. तिरुपती जेटने एक तास वीस मिनिटं, नागपूर त्याहून पाचेक मिनिटं जास्त. वेळापत्रकातले आकडे याच्या आसपास असतात. कंपन्या त्यात पाच-दहा मिनिटं राखून ठेवतात, म्हणून कधी कधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोचतं.

काही संकेतस्थळांवर वेळ फार कमी का दिसतो?

ती पानं यंत्राने तयार केलेली असतात. सगळ्या जगासाठी एकच सूत्र वापरतात: ताशी ८०० किलोमीटरचा वेग, वर सरसकट अर्धा तास. दिल्ली-चेन्नईला ते चालतं. कोल्हापूर-हैदराबादला त्या सूत्राने ६३ मिनिटं येतात आणि एटीआरला प्रत्यक्षात ८० लागतात. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी पाहावा.

त्याच मार्गावर जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

मुख्य कारण वारा. हिवाळ्यात आपल्याकडे पंधरा-वीस हजार फुटांवर पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी ४० किमी धरला तर ४८० च्या वेगाचं विमान हैदराबादकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने ५२० ने जातं आणि येताना ४४० ने. ४४५ किलोमीटरला जाताना ५१ मिनिटं, येताना ६१. दहा मिनिटांचा फरक इथेच पडला.

दुसरं कारण धावपट्टीची दिशा. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एक टोक ७० अंशांकडे, साधारण पूर्व-ईशान्येला, आणि दुसरं २५० अंशांकडे, पश्चिम-नैर्ऋत्येला. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि तसंच उतरतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असला की हैदराबादहून येणारं विमान जवळजवळ सरळ रेषेत येऊन उतरतं. तेच परत जाताना आधी पश्चिमेला उडतं, मग वळसा घालून पूर्वेला लागतं. यात तीन-चार मिनिटं जातात.

सांगलीकरांनी कोणता विमानतळ धरावा?

सांगली ते कोल्हापूर विमानतळ सरळ रेषेत ३६ किमी आहे आणि रस्त्याने पन्नासेक. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली फाटा, तिथून महामार्गाने तावडे हॉटेलवरून उजळाईवाडी. सकाळी लवकर सव्वा तास, पण जयसिंगपूर-हातकणंगले पट्ट्यात बाजाराचा दिवस, ऊसवाहतूक किंवा रस्त्याचं काम असलं तर पावणेदोन तास धरा. गळीत हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, संध्याकाळच्या विमानाला अर्धा तास जास्तच ठेवावा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग ओलांडायला जागा मिळत नाही.

बेळगावचा सांबरा विमानतळ सांगलीहून हवाई १११ किमी, रस्त्याने दीडशेच्या आत, अडीच ते तीन तास. कोल्हापूरहून हवं ते विमान त्या दिवशी नसेल तेव्हा बेळगाव जरूर पाहावं. लोहगाव सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, साडेचार ते पाच तास. देशभरातली थेट विमानं मात्र तिथेच जास्त मिळतात. मिरज-सांगलीहून रेल्वेने पुणे स्टेशन आणि तिथून रिक्षा किंवा कॅबने लोहगाव हा पर्याय बरेच जण विसरतात. रस्त्यावरच्या कोंडीचा धोका त्यात बराच टळतो.

जत, कवठेमहांकाळ, आटपाडीच्या लोकांनी सांगलीचा हिशेब जसाच्या तसा लावू नये. त्यांना कोल्हापूर गाठायलाच अडीच-तीन तास जातात.

सांगलीहून मुंबईला विमानाने किती वेळ वाचतो?

घरून विमानतळ दीड तास. सुटण्याच्या ७५ ते ९० मिनिटं आधी पोचायचं. विमान एक तास. सामान घेऊन बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटं. मुंबईत पुढे पाऊण ते दीड तास. बेरीज साडेपाच तासांच्या आसपास. रस्त्याने सात-आठ तास लागतात. म्हणजे अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे या भागात काम असेल तर दोन तास नक्की वाचतात आणि दिवस हाताशी राहतो. पनवेल-खारघरला जायचं असेल तर मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरून उलटं येण्यात काहीच वाचत नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, तेव्हा तिकीट काढताना उतरण्याचं ठिकाण बीओएम (जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे नीट पाहावं.

हैदराबादचा फायदा याहून मोठा. रस्त्याने नऊ-दहा तासांचा प्रवास साडेपाच तासांत होतो, तोही सांगलीकराला आधी पश्चिमेला कोल्हापूर गाठून पुन्हा पूर्वेला उडावं लागत असताना.

साताऱ्याहून कोल्हापूर बरं की पुणे?

अंतर जवळजवळ सारखंच: लोहगाव सव्वाशे किलोमीटर, उजळाईवाडी एकशेतीसच्या आसपास. फरक रस्त्याच्या स्वभावात आहे. पुण्याच्या वाटेवर खंबाटकी, खेड शिवापूरचा टोलनाका, मग कात्रज किंवा नवले पूल आणि शेवटी पुणे शहर आरपार. खरा वेळ शेवटच्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये जातो. अडीच तासांत पोचता येतं, पण रविवारी संध्याकाळी किंवा सुट्ट्या संपताना चार तासही लागतात. कोल्हापूरच्या बाजूला विमानतळ महामार्गालगत आहे, शहरात शिरावं लागत नाही.

आमचं मत असं: साताऱ्याहून दिल्ली, कोलकाता, चेन्नईला थेट जायचं असेल तर पुणे. हैदराबाद-बेंगळुरू असेल आणि कोल्हापूरच्या विमानाची वेळ जुळत असेल तर कोल्हापूरही तितकंच सोयीचं. कराडकरांनी तर आधी कोल्हापूरच पाहावं.

कोल्हापूर ते पुणे विमानाने जाणं परवडतं का?

हवाई अंतर २१७ किमी, एटीआरने ब्लॉक टाइम ५० मिनिटं. पण दोन्हीकडचं जाणं-येणं आणि दीड तास आधी पोचणं धरलं की चार तास होतात. कोल्हापूर-पुणे रस्ताही चार-साडेचार तासांचाच आहे. अडीचशे किलोमीटरच्या आतल्या अंतरात चांगला रस्ता असेल तर विमान क्वचितच जिंकतं. पुण्याला लोहगावची धावपट्टी हवाई दलाच्या तळाची आहे. नागरी विमानांना वेळा हवाई दलाच्या सोयीने मिळतात, त्यामुळे असल्या छोट्या फेऱ्यांसाठी जागा मिळणंही अवघड असतं.

कराडला धावपट्टी आहे, मग तिथून विमान का नाही?

कराडची धावपट्टी १,२८० मीटर आहे. कोयना प्रकल्पाच्या काळात ती बांधली गेली. समुद्रसपाटीला, थंड हवेत, पूर्ण वजनाच्या एटीआर ७२ ला उडायला तेराशे मीटरच्या वर लागतात. कराड उंचावर आहे, उन्हाळा कडक आहे, म्हणजे गरज आणखी वाढते. लहान आणि प्रशिक्षणाच्या विमानांना ती पुरते. तुलनेसाठी, कोल्हापूरची धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केली, तेव्हाच मोठ्या विमानांचा मार्ग मोकळा झाला. लोहगावची २,५३५ मीटर आहे.

एप्रिल-मेमध्ये कधी कधी सामान मागे का ठेवतात?

गरम हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही कमी पडते. कोल्हापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०९ मीटर म्हणजे २ हजार फुटांवर आहे. या उंचीला प्रमाणित तापमान ११ अंश धरतात. दुपारी पारा ३८ वर असला तर फरक २७ अंशांचा. दर अंशाला १२० फूट या हिशेबाने विमानाला ती धावपट्टी २ हजारांऐवजी सव्वापाच हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. म्हणजे महाबळेश्वरच्या पठाराहूनही उंच जागेवरून उडाल्यासारखं. धावपट्टी तेवढीच आणि उचल कमी, तेव्हा वजन कमी करावं लागतं. आधी मालवाहतूक कमी करतात, मग कधी सामान किंवा काही जागा. उन्हाळ्यात पर्याय असेल तर सकाळचं विमान घ्या आणि औषधं, कागदपत्रं कायम हातातल्या पिशवीत ठेवा.

पावसाळ्यात काय बिघडतं?

दोन वेगळ्या गोष्टी. पहिली हवा. खाली उतरलेले ढग आणि पावसाची सर यांत धावपट्टी दिसत नाही. आयएलएस म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा. तिच्या सगळ्यात सर्वसाधारण प्रकारावर उतरायलाही ५५० मीटर दृश्यता आणि २०० फुटांवर धावपट्टी दिसणं लागतं, बाकी पद्धतींना त्याहून जास्त. दृश्यता नसली की विमान घिरट्या घालतं, मग दुसऱ्या विमानतळाकडे वळतं. वळवलेलं विमान कुठे गेलं हे कळेपर्यंत स्वागताला आलेल्यांनी विमानतळावरून हलू नये.

दुसरी गोष्ट पूर, आणि सांगलीकरांसाठी तीच जास्त महत्त्वाची. सांगलीहून कोल्हापूरला जाताना अंकलीला कृष्णा आणि शिरोलीजवळ पंचगंगा, दोन्ही ओलांडाव्या लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. विमान सुरू आणि रस्ता बंद, असं होऊ शकतं. म्हणून तिकीट असेल त्या आठवड्यात दोन आकडे रोज पाहा: कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी (इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट) आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची (इशारा ४० फूट, धोका ४५ फूट). राजाराम इशारा पातळी ओलांडून चढत असेल तर आदल्या दिवशीच कोल्हापुरात मुक्कामाला जावं. जाणं जमणार नसेल तर पुण्याहून तिकीट बदलून तासगाव, विटा, दहिवडी, फलटण असा रस्ता धरावा. त्या वाटेवर कृष्णा ओलांडावी लागत नाही.

कोल्हापूरहून जाऊन पुढचं विमान पकडायचं असेल तर किती अंतर ठेवावं?

एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर कंपनीने दिलेलं अंतर पुरतं. पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय तीच करते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर जबाबदारी तुमची. देशांतर्गत पुढच्या विमानाला निदान तीन तास, परदेशी असेल तर पाच-सहा तास ठेवा. पावसाळ्यात परदेशी विमानासाठी आदल्या दिवशी पोचलेलं बरं. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगळ्या ठिकाणी आहेत, मध्ये रस्त्याने जावं लागतं.

चेक-इन किती आधी बंद होतं?

बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. विमानतळ लहान म्हणून सवलत मिळत नाही. एटीआर आणि छोट्या जेटमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठी हातबॅग शिडीजवळ काढून घेतात आणि उतरल्यावर देतात. लॅपटॉप आधीच बाहेर काढून ठेवा.

वेळापत्रक सारखं का बदलतं? काल असलेलं विमान आज कसं नाही?

वर्षात दोन वेळापत्रकं असतात. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या दोन तारखांच्या पुढचं तिकीट फार आधी काढलं असेल तर त्या सुमारास वेळ पुन्हा तपासा. कोल्हापूरच्या काही मार्गांमागे उडान या छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी योजनेचं अनुदान होतं. ते मार्गाला तीन वर्षं मिळतं, नंतर विमान फक्त प्रवाशांच्या भरवशावर चालतं. शिवाय बरीच विमानं रोज नसतात, आठवड्यातून ठरावीक वारी असतात. परतीची तारीख ठरवण्याआधी वार पाहावा.

विमान रद्द झालं किंवा लांबलं तर काय मिळतं?

इथे ब्लॉक टाइम पुन्हा कामाला येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर कंपनीने परतावा किंवा दुसरं विमान द्यायचं आणि वर भरपाई. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० रुपये, दोन तासांच्या वर १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे कोल्हापूर-मुंबई विमानाचा छापील वेळ ५५ मिनिटं आहे की ६५, यावर टप्पा बदलतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं.

खराब हवामानामुळे रद्द झालं तर भरपाई मिळत नाही, परतावा किंवा दुसरं विमान मात्र मिळतं. त्यासाठी काउंटरवर रद्द होण्याचं कारण लेखी मागा, कंपनीचा संदेश आला असेल तर तो पुसू नका, आणि तिकीट काढताना मोबाईल नंबर एजंटचा नव्हे, स्वतःचा द्या. कंपनीने कळवलं होतं की नाही हे त्या नंबरवरूनच ठरतं.